स्क्रोल सॉ निवडताना

प्रश्न : मी छंद म्हणून प्लायवूडमध्ये जाळीचे नक्षीकाम करतो. आजवर हातकरवतीवर भागवले. आता विजेवर चालणारा स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पाते वर-खाली हलवून नक्षी कापणारे यंत्र, घ्यायचा आहे. मोटर जितकी शक्तिशाली तितके यंत्र भरवशाचे, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. या कामात पाते बारीक असते आणि लाकूड सावकाश सरकवायचे असते, त्यामुळे मोटर सहसा कमी पडत नाही. दगा देते ती पाते धरून ठेवणारी पकड. पाती दोन प्रकारची असतात : दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली आणि साध्या, सपाट टोकांची. पिनचे पाते चटकन बसते; मात्र नक्षीच्या आतला भाग कापताना ते ओवण्यासाठी पिन जाईल एवढे मोठे भोक पाडावे लागते आणि नाजूक जाळीत तेवढी जागाच नसते. साधे बारीक पाते एक-दीड मिलिमीटरच्या भोकातूनही जाते. म्हणून फक्त पिनचीच पाती चालणारे यंत्र, ते कितीही स्वस्त असले तरी, आपण घेऊ नये. शिवाय जाळीच्या प्रत्येक घरासाठी पाते सोडवून पुन्हा ओवावे लागत असल्याने, ते पान्याशिवाय जमते का आणि ताण देण्याची कळ समोर हाताशी आहे का, हे स्वतः करून पाहावे.

त्यानंतर थरथर पाहावी. ओतीव लोखंडाचा जड पाया ती बरीच शोषून घेतो. वेग कमी-जास्त करता येणारे, साधारणपणे मिनिटाला ४०० ते १६०० वेळा पाते वर-खाली करणारे यंत्र निवडावे आणि सगळे वेग चालवून पाहावेत, कारण काही यंत्रे नेमकी मधल्याच एखाद्या वेगाला थरथरू लागतात. यंत्र बंद असताना पात्याचे वरचे टोक धरणारा दांडा हाताने डावी-उजवीकडे हलवावा. तो खुळखुळत असेल तर रेषा सरळ येणार नाही. पात्यापासून मागच्या खांबापर्यंत ४० सेंटिमीटर अंतर छंदाला पुरते. त्याहून अधिकासाठी पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही.

नवे यंत्र किंचित एका बाजूला ओढते, ही तक्रार मात्र बहुधा यंत्राची नसते. पात्याचे दात पाडताना एका कडेला सूक्ष्म कंगोरा राहतो आणि पाते त्या बाजूने अधिक कापते. लाकूड थोडे तिरके धरून सरकवले की रेषा साधते.