आजोबांची जीप, दोन लॉकर आणि 3 लाखांचं कर्ज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांनी 1974 साली नवी घेतलेली महिंद्रा सीजे-3बी तुम्ही जिवापाड जपली आहे. पावसाळ्यात गगनबावड्याच्या शेताकडे जाताना ती रुतते. गॅरेजवाल्याने पुढे-मागे एअर लॉकर (हवेच्या दाबाने एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं उपकरण) बसवायला 3 लाख सांगितलेत. त्यासाठी 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन काढावं का?

कर्ज काढू नका. लॉकर जरूर बसवा, पण एकच, मागचा, आणि तोही साधारण सोळा महिन्यांनी.

हा नुसता शौक आहे असं मी म्हणणार नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये (एक्सलच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच) ज्या चाकाला पकड नाही तेच गरगरत राहतं. फोर बाय फोर टाकूनही पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की गाडी हलत नाही. लॉकर एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधतो. शेताच्या चिखलवाटेला बहुतेक वेळा मागचाच पुरतो. पुढचा लावला की स्टिअरिंग जड होतं आणि पुढच्या एक्सलच्या जुन्या जॉइंटवर ताण येतो.

आता तुमचे आकडे. हातात 82 हजार येतात. घरखर्च 55 आणि एसआयपी 12 हजार जाऊन उरतात 15 हजार. कर्जाचा हप्ता पडेल सुमारे 10,250, व्याज एकूण 69 हजारांच्या आसपास. म्हणजे तीन वर्षं शिलकीतला दोन तृतीयांश पैसा जीपला, आणि मुलीचं कॉलेज दोन वर्षांवर आलंय! शिवाय तुमची एफडी 2 लाख 40 हजारांची. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांच्या खर्चाला 3 लाख 30 हजार हवेत. पहिल्या सहा महिन्यांच्या शिलकीतून ती तूट भरा. पुढचे दहा महिने लॉकरसाठी ठेवा, दीड लाख जमतील.

तोवर मागचं एक्सल उघडून घ्या. लॉक केल्यावर सगळा जोर एकाच शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) येऊ शकतो, आणि तुमचे शाफ्ट पन्नास वर्षांचे आहेत. ते बदलावे लागले तर तो खर्च लॉकरच्या आधी. शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरचे दाते) मोजून घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. कोटेशनमध्ये कस्टम ड्युटी, जीएसटी, कॉम्प्रेसर आणि क्राउन-पिनियनचं (डिफरन्शियलच्या मुख्य गिअरचं) सेटिंग धरलंय का, हे लेखी घ्या.

व्हिंटेज नोंदणीचंही तुम्ही विचारलंत. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची मूळ रूपातली गाडी त्यात बसते, शुल्क 20 हजार, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते. शेतावर न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका. नेहमीची नोंदणीच चालू ठेवा, आणि लॉकर बसवण्याआधी आरटीओ व विमा कंपनी दोघांनाही विचारा.

काढलेला जुना डिफरन्शियल भंगारात देऊ नका. तेल लावून, गुंडाळून घरात ठेवा. उद्या जीप मूळ रूपात आणायची किंवा विकायची झाली, तर तो लागेल.