किमान रक्कम भरूनही थकबाकी तशीच का?

प्रश्न : चतुर्थीपूर्वी क्रेडिट कार्डावर 20,000 रुपयांचा फ्रीज घेतला. दरमहा किमान रक्कम न चुकता भरतो, तरी थकबाकी फारशी घटत नाही. कार्ड बंद करावे का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : किमान रक्कम भरल्याने केवळ विलंबशुल्क टळते, व्याज नव्हे. 1,000 रुपये भरून उरलेल्या 19,000 रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर 665 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे सुमारे 120 रुपये चढतात; म्हणजे पुढच्या हजारातून मुद्दल जेमतेम 215 रुपयांनी कमी होते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

कार्ड बंद करण्याची घाई नको, कारण पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला हेच कार्ड खरेदीच्या दिवसानुसार 45 ते 50 दिवसांपर्यंत बिनव्याजी उधारी देते. तूर्त त्यावरील खरेदी थांबवा आणि प्रक्रियाशुल्क विचारून घेऊन थकबाकीचे कमी व्याजाच्या हप्त्यांत रूपांतर करून मागा. एटीएममधून या कार्डावर रोकड मात्र काढू नका. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागते.