स्पेनला निघण्याआधी भविष्यकाळ पक्का करा

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात नोकरीसाठी वालेन्सियाला यायचंय, स्पॅनिशचा वर्तमानकाळ जमतो, पण व्हिडिओंमध्ये सगळे ‘बोय आ’वरच भागवताना दिसतात, मग साधा भविष्यकाळ आत्ता शिकावा का? माझं उत्तर ठाम आहे: शिका, आणि निघण्याआधीच शिका. बोलताना ‘बोय आ कोमेर’, म्हणजे ‘मी जेवणार आहे’, एवढं पुरतं. कागदावर मात्र नाही पुरत, आणि इथे आल्यावर पहिले काही महिने कागदांतच जातात.

बनवायला साधा भविष्यकाळ वर्तमानकाळापेक्षाही सोपा आहे. वर्तमानकाळात शेवटचं आर, एर, ईर कापावं लागतं. इथे काहीच कापायचं नाही. शब्दकोशातलं अख्खं रूप घ्यायचं आणि त्याला मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने ए, आस, आ, एमोस, एइस, आन जोडायचं. आब्लार म्हणजे बोलणं: आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. तिन्ही गटांना प्रत्यय हेच, म्हणून कोमेरे (मी जेवेन), बिबिरे (मी राहीन). वर्तमानकाळात छळणारी सेर (असणं) आणि इर (जाणं) सुद्धा इथे सरळ चालतात: सेरे, इरे. हे प्रत्यय मुळात आबेर या सहायक क्रियापदाच्या वर्तमानकाळातून आलेत, त्यामुळे ‘ए कोमिदो’, म्हणजे ‘मी जेवलो आहे’, येत असेल तर ते तुमच्या ओळखीचेच आहेत. एइस हे अनेक मित्रांना ‘तुम्ही’ म्हणतानाचं रूप लॅटिन अमेरिकेच्या पुस्तकांत बहुधा गाळलेलं असतं. तुम्ही गाळू नका, इथे ऑफिसातले मित्र एकमेकांशी तसंच बोलतात.

खरी मेहनत आघातावर घ्या. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो. स्पॅनिशमध्ये शेवटच्या ‘रा’वर जोर दिला तर आब्लारा म्हणजे ‘तो बोलेल’. तोच जोर मधल्या ‘ब्ला’वर गेला की ‘तो बोलत असता तर’ असा सब्जंक्टिव्ह, म्हणजे न घडलेल्या किंवा अनिश्चित गोष्टीसाठीचं रूप, होतो. एमोस सोडून बाकी पाचही प्रत्ययांवर तिरकी रेघ असते ती याचसाठी. लिहिताना ती विसरू नका.

आता कागदांबद्दल. घरभाड्याच्या करारात भविष्यकाळ म्हणजे अंदाज नव्हे, बंधन. ‘पागारा’ म्हणजे भाडेकरू भाडं भरेल, म्हणजेच त्याला ते भरावंच लागेल. 1994 च्या भाडेकायद्यातही हीच भाषा आहे: वेगळं ठरलं नसेल तर भाडं दरमहा ‘सेरा’ (असेल), आणि ते महिन्याच्या पहिल्या 7 दिवसांत द्यायचं. अनामत म्हणून 1 महिन्याचं भाडं देणं त्याच कायद्याने बंधनकारक आहे. सरकारी पत्रात ‘से ले नोतिफिकारा’ दिसलं तर ‘तुम्हाला कळवलं जाईल’, म्हणजे थांबायचं. करार हाती पडला की रा आणि रानने संपणारी क्रियापदं आधी अधोरेखित करा. कोणी काय द्यायचं, काय दुरुस्त करायचं, ते बहुतेक तिथेच सापडतं.

अनियमित क्रियापदं डझनभरच आहेत: तेनेरचं (जवळ असणं) तेन्द्रे, पोदेरचं (शकणं) पोद्रे, आथेरचं (करणं) आरे, देथिरचं (सांगणं) दिरे. मूळ बदलतं, प्रत्यय कधीच नाही. ती पाठ करायला एक शनिवार-रविवार पुरे.

एक गोष्ट आपल्याला आयतीच येते. ‘सेरान लास त्रेस’ म्हणजे ‘तीन वाजले असतील’. असा अंदाज आपणही भविष्यकाळातच बांधतो.

पण ‘मी पोहोचेन तेव्हा फोन करीन’ हे वाक्य जसंच्या तसं नेऊ नका. आपल्याकडे दोन्हीकडे भविष्यकाळ. स्पॅनिशमध्ये कुआन्दो (जेव्हा) नंतर अशा वाक्यात सब्जंक्टिव्ह येतो: ‘कुआन्दो येगे, ते यामारे’. हे एक वाक्य तोंडपाठ करा आणि पुढची त्याच साच्यात बसवा.