आषाढीच्या आत लग्न, की आधी अण्णांच्या फंडाची फाइल?

रेणापूर तालुक्यातल्या चोवीस वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वडील, म्हणजे अण्णा, साखर कारखान्यात कायम कामगार. डिसेंबरात, गाळप जोरात असताना, हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय 51, नोकरी 24 वर्षं, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 21 हजार. घरी आई, अडीच एकर कोरडवाहू जमीन आणि लातूरला राहून नीटची तयारी करणारा सतरा वर्षांचा भाऊ. ताई लातुरातच एका लॅबमध्ये 16 हजारांवर काम करतात, त्यातले नऊ हजार घरी देतात. फंड (पीएफ) आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून दवाखाना, दहावा-तेरावा जाऊन आईच्या खात्यावर नऊ लाख उरलेत. आता काकांनी पुण्याचं स्थळ आणलंय. मुलगा ताईंना पसंत आहे. "वर्षाच्या आत झालं तर झालं, नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, आषाढीच्या आत बार उडवून टाकू," असं काकांचं म्हणणं. खर्च सात लाख. ताई विचारतात, करावं का? शेवटी त्यांनी लिहिलंय, "अण्णांच्या पैशाला हात लावला की त्यांनाच खर्च केल्यासारखं वाटतं."

ताई, लग्न करा. सात लाखांत मात्र करू नका, आणि आषाढीच्या आतही नको. का, ते सांगतो.

नऊ लाख हा आकडा फसवा आहे. तुम्हीच पत्राच्या दुसऱ्या पानावर देणी लिहिलीत: गावातल्या एका माणसाचे दीड लाख, शेकडा तीनने, आईच्या पाटल्या बँकेत गहाण, त्यावर एक लाख वीस हजार, सोसायटीचं पीककर्ज ऐंशी हजार. झाले साडेतीन लाख. म्हणजे तुमच्या हातात खरे साडेपाच लाखच आहेत. सात लाखांचं लग्न काढलं तर दीड लाख पुन्हा कुणाच्या तरी दारात जाऊन आणावे लागतील, आणि ते दार कुणाचं असेल ते तुम्हाला माहीत आहे.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला साडेचार हजार, वर्षाला 54 हजार नुसतं व्याज. तुम्ही घरी देता त्यातला निम्मा पगार त्या एका माणसाकडे जातो. हे देणं याच आठवड्यात मिटवा. मिटवताना पैसे आईच्या खात्यातून चेकने द्या, कोरे चेक आणि सही केलेले बाँड परत घ्या, आणि "हिशेब पूर्ण" असं लिहून घ्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा 2014 चा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 12 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि परवाना नसेल तर धंदाच बेकायदा. तो जमिनीचं काही काढू लागला तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकार खात्यात, अर्ज करता येतो. भांडण लावायला सांगत नाही. पण तो दारात येऊन बसला तर तुमच्या बाजूला काय आहे, हे आईला ठाऊक असू द्या. त्यानंतर पाटल्या सोडवा. पीककर्जाची घाई नको: तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत कधी संपते ते गटसचिवाला विचारा आणि त्याच्या आठवडाभर आधी भरून टाका.

पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे जे लिहिलेलंच नाही. ग्रॅच्युइटी दोन लाख नव्वद हजार आली असं तुम्ही म्हणता. पगार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले चोवीस वर्षं, हिशेब बरोबर आहे. फंडाचे पैसेही आले. पण फंडासोबत एक विमा असतो, ईडीएलआय, त्याचा उल्लेख कुठेच नाही. त्याचा हप्ता पगारातून कापत नाहीत, कारखाना भरतो, त्यामुळे घरातल्यांना तो असतो हेच माहीत नसतं. नोकरीत असताना माणूस गेला की कुटुंबाला पगाराच्या 35 पट (पगार जास्तीत जास्त 15 हजार धरून) आणि फंडातल्या सरासरी शिलकीच्या निम्मे, पण पावणेदोन लाखांपर्यंत, मिळतात. तुमच्या आकड्यांत हे सव्वापाच आणि पावणेदोन, म्हणजे पूर्ण सात लाख होतात. काही कारखाने या योजनेतून सूट घेऊन स्वतःचा गट विमा काढतात. तसं असेल तर ती रक्कम यापेक्षा कमी नसावी. टाइम ऑफिसला जाऊन तोंडी विचारू नका. लेबर ऑफिसरच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या.

त्याच फाइलमध्ये पेन्शनचा अर्ज आहे. मृत्यूच्या दाव्यासाठी आता एकच एकत्रित फॉर्म असतो, त्यात फंड, पेन्शन आणि विमा तिन्ही असतात. तुमच्याकडून बहुधा फंडाचाच रकाना भरून घेतला. आईला तहहयात पेन्शन मिळेल. 24 वर्षांच्या नोकरीवर ती साडेतीन हजारांच्या आसपास बसेल, नेमका आकडा कार्यालय काढेल. शिवाय दोन मुलांना प्रत्येकी आईच्या पेन्शनचा चौथा हिस्सा, पंचविसाव्या वर्षापर्यंत. भावाला अजून आठ वर्षं मिळेल. तुम्हालाही काही महिने मिळेल, ते सोडू नका. कारखाना सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन चालतं.

अण्णांचं पासबुकही एकदा नीट बघा. ते जाण्याआधीच्या मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता, आणि त्याचे दोन लाख त्याच बँकेत मागायचे. कुणी तरी तुम्हाला गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचा अर्ज भरायला सांगितलाय. त्यात फेऱ्या मारू नका, ती योजना अपघाती मृत्यूसाठी आहे. आणि अण्णांचं सिम कार्ड बंद करू नका. रिचार्ज मारत राहा, निदान वर्षभर. ओटीपी त्याच नंबरावर येतात.

आता लग्न. काकांच्या वर्षाच्या नियमावर मी वाद घालणार नाही. आईला तो पाळायचा असेल तर पाळावा. पण वर्ष डिसेंबरात भरतं, आषाढीला नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि वर्ष भरायच्या आत तुम्हाला काही आठवडे मिळतात. मधल्या पाच महिन्यांत फंडाच्या कार्यालयाचे पैसे येतील की नाही, किती येतील, हे कळेल. तोवर सुपारी फोडून ठेवा, मंगल कार्यालयाला आगाऊ देऊ नका.

खर्च अडीच लाख. त्यात गावातल्या मंदिरासमोर मांडव, दोन्हीकडचे मिळून तीनशे पानं, साधा बस्ता, तुमच्या अंगावर आईच्याच पाटल्या, आणि विवाह नोंदणी. मानपानाचा विषय निघाला तर तो तुम्ही स्वतः मुलाशी बोला, काकांमार्फत नको. बाप गेलेल्या घराकडून सात लाखांचा थाट मागणारं सासर असेल, तर ते आत्ता कळलेलं बरं. स्थळ चांगलं असेल तर हे ऐकून ते लोक उलट सुटकेचा श्वास सोडतात, हे मी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत पाहिलंय.

लग्नाची खरी किंमत मात्र तुमचे नऊ हजार आहेत. तुम्ही पुण्याला गेलात की ते थांबतील, किंवा थांबतील असं धरूनच चालायला हवं. म्हणून विम्याचे सात लाख आले की ते आईच्या नावे पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत. 7.4 टक्क्यांनी महिन्याला 4,300 रुपये होतात. पेन्शन आणि भावाचा हिस्सा धरून आठ हजार सातशेच्या आसपास. तुमच्या पगाराची जागा जवळपास भरून निघते, आणि आईला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. साडेपाचातून लग्नाचे अडीच गेले की तीन उरतात. दोन भावाच्या दोन वर्षांसाठी बँकेत, एक लाख अडीअडचणीला. बारा-तेरा टक्के देणाऱ्या मल्टीस्टेटमध्ये, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेत, एक रुपया नको. बीड, धाराशिवकडे लोक अजून ठेवींसाठी चकरा मारताहेत. पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकेला असतं, पतसंस्थेला आणि मल्टीस्टेटला नसतं.

जमिनीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली: लग्नाआधी हक्कसोडपत्रावर सही करून टाक, असं काका म्हणतात. करू नका. आधी वारसनोंद होऊ द्या. तलाठ्याकडे अर्ज द्या, किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर टाका. सातबारावर आई, तुम्ही आणि भाऊ अशी तिन्ही नावं लागली पाहिजेत, तिघांचा हिस्सा सारखा. आईचं नाव लागलं की वारसा हक्काने तिला पीएम किसानचे आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला बारा हजार मागता येतात, तेही सध्या बंद पडलेत. पुढे कधी हिस्सा सोडावासा वाटला तर आईच्या किंवा भावाच्या नावे सोडा, भाऊ सज्ञान झाल्यावर, तुमच्या मनाने. त्याला मुहूर्त लागत नाही. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण बटईने तीच जमीन कसणाऱ्या माणसाने हा कागद पुढे करावा, हे मला बरोबर वाटत नाही.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. त्यावर माझ्याकडे हिशेब नाही. एवढंच सांगतो की फंड ही अण्णांनी दर महिन्याला स्वतःच्या हाताने बाजूला टाकलेली रक्कम आहे, आणि ती कुणासाठी टाकली हे नामनिर्देशनात त्यांनीच लिहून ठेवलंय. तिथे आईचं नाव आहे. त्यामुळे बँकेत जाताना आईला सोबत न्या, स्लिप तिला भरू द्या, चुकली तर दुसरी घ्या. आजवर हे सगळं अण्णा बघायचे. तुम्ही पुण्याला गेल्यावर तिलाच बघायचंय, आणि शिकायला हेच पाच महिने आहेत.

कारखान्याचं लेखी उत्तर आलं की कळवा. सात लाखांऐवजी कमी निघाले, तर सगळ्यात आधी लग्नाचा आकडा खाली आणायचा, भावाच्या दोन लाखांना हात लावायचा नाही.