घर मंगळवारी बघून ये

अगं,

तुझा लांबलचक मेसेज आणि सोबतचा एक्सेल तक्ता, दोन्ही नीट वाचले. तक्त्यात क्लब हाउसला गुण आहेत, जलतरण तलावाला आहेत, बाल्कनीतून काय दिसतं त्यालाही आहेत. बाळ आणि सासूबाई धरून दिवाळीनंतर तुम्ही पाच जण होणार. त्या पाच जणांचा रोजचा दिवस कसा जाणार, याचा रकाना मात्र कुठेच नाही. मग उंड्रीचं नवं, मोठं घर की कर्वेनगरचं जुनं, हे ठरणार कसं?

घर सगळे रविवारी बघतात. रस्ता मोकळा असतो, नवरा सोबत असतो, सेल्स ऑफिसमध्ये चहा मिळतो. तू मंगळवारी बघ. सकाळी साडेआठला उंड्रीहून नवऱ्याला खरोखर हिंजवडीला ऑफिसला जाऊ दे, तू मगरपट्ट्याला तुझ्या ऑफिसला जा, आणि संध्याकाळी दोघं तिथेच परत या. तिसरी बेडरूम किती मोठी वाटते, ते मग मला सांग.

खोल्या मोजू नकोस असं मी म्हणत नाही. मोज, पण कार्पेट मोज, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. ब्रोशरमधल्या मोठ्या आकड्यावरून पलंग कुठे बसेल ते कळत नाही. टेप घेऊन जा. सासूबाईंच्या खोलीतून बाथरूमला जाताना पायरी किंवा उंबरा लागतो का, ते आधी बघ. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता तेवढंच महत्त्वाचं असतं.

आता पाणी. उंड्री २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण हद्द वाढली की दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येतं असं नाही. त्या भागातल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात. सेल्सवाल्याला विचारू नकोस, शेजारच्या तयार सोसायटीच्या वॉचमनला विचार. मे महिन्यात रोज किती टँकर येतात? त्यांचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात की वेगळे? दुपटी धुवायची असताना टँकर उशिरा आला, तर त्या मंगळवारी क्लब हाउस तुझ्या काय कामाचं?

आणि हप्ता. दोन घरांच्या किमतीत २५ लाखांचा फरक आहे म्हणतेस. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली, तर त्या फरकाचाच हप्ता महिन्याला २१,७०० रुपयांच्या आसपास जातो. शिवाय उंड्रीचं घर अजून बांधून व्हायचंय, म्हणजे जीएसटी आला आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही भरणं आलं. बाळ लहान असताना तुला वर्षभर घरी राहावंसं वाटलं तर? हप्ता एका पगारात बसला पाहिजे. यावर मी वाद घालणार नाही. बँकेत कर्जविभागात बसून मी हेच बघितलंय. घर मोठं, आणि घरात आई नाही, बाप नाही, दोघं हप्त्यामागे.

तू म्हणशील, ताई, तुमचा काळ वेगळा होता. होता. आमच्या ओळखीचे एकेक जण पेठेतून मोठ्या फ्लॅटमध्ये गेले, तेव्हा मी सदाशिव पेठेतल्या छोट्या घरातून हलले नाही. नातेवाईक तोंडावर बोलले. आईला स्वतःची खोली देता आली नाही, ही खंत मला आहे आणि राहील. पाहुणे आले की तिचं अंथरूण हॉलमध्ये पडायचं. मुलगा अजूनही म्हणतो, मला अभ्यासाला खोली नव्हती. खरं आहे. पण तो शाळेतून चालत घरी यायचा आणि बँक सुटली की थोड्याच वेळात मी दारात असायचे. आई शेवटच्या वर्षापर्यंत स्वतःच्या पायांनी मंडईत गेली, भाजीवालीशी भांडली, कुणाला गाडी काढ म्हणावं लागलं नाही. हे सगळं मी कुठल्या तिसऱ्या खोलीत मांडलं असतं? आज पुन्हा ठरवायला सांगितलं तरी मी तेच ठरवेन.

कर्वेनगरचं घर जुनं आहे, हे मलाही दिसतं. म्हणून तिथेही डोळे उघडे ठेव. सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारतीची मालकी, झालंय का? इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र आहे का? लिफ्ट शेवटची कधी बदलली, गच्ची गळते का, पुनर्विकासाची बोलणी कुठवर आलीत? कागद नसतील तर तेही घर सोड, तिसरं शोध. माझा हट्ट कर्वेनगरचा नाहीच. हट्ट एवढाच की शाळा, वाणी, डॉक्टर आणि सासूबाईंची बाकावरची मैत्रीण पायी गाठता यावी.

साताऱ्याचं घर सोडून येताहेत त्या. त्यांना फक्त खोली दाखवलीत, की खाली रस्त्यावरही चालवून आणलंत? तक्त्यात त्यांचं मत मला दिसलं नाही. हे मला आवडलेलं नाही, स्पष्टच सांगते.

बिल्डरची ‘रविवारपर्यंतच ऑफर’ सोडून दे. करारनामा नोंदवण्याआधी तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. टोकनचा चेकही आत्ता देऊ नकोस. महारेरा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेलीय ते बघ. येत्या मंगळवारी रजा न काढता जा आणि रात्री फोन कर. सासूबाईंना सुट्टीच्या दिवशी दुपारी वेगळं घेऊन जा. दोन्ही घरांचे कागद पाठवलेस तर मी वाचून ठेवते.

तुझी,
ताई