बॉल पायथन दिवाळीपासून काही खात नाही, तोंड उघडून भरवावं का?

नाही, भरवायचं नाही. तुम्ही लिहिलंय की बॉल पायथन (घरी पाळतात तो आफ्रिकेतला छोटा अजगर) दीड वर्षाचा नर आहे, वजन 900 ग्रॅम, दिवाळीनंतर एकही उंदीर घेतला नाही आणि कुणा जाणत्याने चिमट्याने कोंबायला सांगितलंय. दर थंडीत हाच सल्ला फिरतो. त्यातून हिरड्या सोलवटतात, दात मोडतात, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि एवढं करून साप तो उंदीर ओकून टाकतो तो टाकतोच. वर चिमटा दिसला की मान आखडून घ्यायला शिकतो. याला अनुभव म्हणत असतील तर म्हणोत.

दीड वर्षाचा नर म्हणजे वयात आलेला. थंडीत, जोडीच्या दिवसांत हे नर खाणं सोडतात, आणि चार-पाच महिने नुसत्या पाण्यावर काढूनही धडधाकट राहतात. तेव्हा दिवस मोजू नका, वजन मोजा. डिजिटल काटा, वर झाकणाचा डबा, आठवड्यातून एकदा. 900 चे 870 झाले तर स्वस्थ बसा. 810 च्या खाली गेलं किंवा पाठीचा कणा धारेसारखा वर आला, तर मग हालचाल करायची.

पण "नर आहे, आपोआप खाईल" म्हणून हात झटकणारेही मला पटत नाहीत. आपल्या बडोद्यात उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) सुमारास बऱ्याचदा दोष फरशीचा असतो. सापाचा टब कोटा स्टोनवर, बाल्कनीच्या दाराजवळ, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), असंच आहे ना? बाहेर पहाटे 12-13 अंश असतात तेव्हा मॅटची बरीचशी ऊब फरशीच खाते. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि टबाच्या मध्ये दाबलेला असतो, त्यामुळे तो 32 दाखवतो. वर दोन इंच नारळाचा भुसा, आणि त्यावर बसलेल्या सापाच्या पोटाला 25 सुद्धा मिळत नाहीत. हाच प्रोब निसटला तर मॅट तापत राहते आणि भुशात शिरून बसलेल्या सापाचं पोट भाजतं.

टब जमिनीवरून उचला, लाकडी फळीवर किंवा रॅकवर, घराच्या आतल्या भिंतीशी ठेवा. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच हवी आणि तिच्यावरचा भुसा बोटाच्या पेरापेक्षा कमी. मग इन्फ्रारेड गनने टबाच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान बघा, तेही पहाटे पाचला. दुपारचा आकडा सगळ्यांचाच छान येतो. गरम बाजू 31-32, थंड बाजू 25-27, आणि आतली हवा रात्रीही 24 च्या खाली नको. आर्द्रता 55 ते 65 टक्के. इथली थंडी कोरडी, त्यामुळे पाण्याचं भांडं मोठं ठेवा. दोन्ही बाजूंना एकेक लपायची जागा द्या, इतकी घट्ट की वेटोळ्याला चारी बाजूंनी भिंत लागली पाहिजे. ऐसपैस घरात हा साप घाबरूनच बसतो.

थंड पडलेला साप खात नाही, हे त्याचं शहाणपण आहे. त्या तापमानाला पोटातला उंदीर पचण्याआधी कुजतो. कोंबणाऱ्यांना हे कितीदा सांगायचं!

तापमान जुळल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नका. मग 45 ते 60 ग्रॅमचा एक उंदीर. फ्रीजरमधून काढून रात्रभर खाली फ्रीजमध्ये, संध्याकाळी झिपच्या पिशवीत घालून 40-45 अंशांच्या पाण्यात, बाहेरून 38 च्या आसपास येईपर्यंत. पाणी निवलं की बदलायचं. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. उंदीर कोरडा पुसा, डोकं शेवटी मिनिटभर जास्त गरम करा. याच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, गार उंदीर समोर धरून हलवला तरी त्याचं लक्ष जाईलच असं नाही. अंधार पडल्यावर, दिवे बंद करून, लांब चिमट्याने लपायच्या जागेच्या तोंडाशी धरा. मान मागे घेतली तर तिथेच ठेवून खोलीबाहेर जा, सकाळी फेकून द्या. पुढचा प्रयत्न आठ दिवसांनी. रोज नाचवाल तर तो अजून हटेल. डोळे दुधाळ निळे दिसत असतील तर कात टाकेपर्यंत काहीच देऊ नका.

जिवंत उंदीर सोडायचा सल्लाही मिळेलच. न खाणाऱ्या सापाजवळ रात्रभर राहिलेला उंदीर त्याची पाठ कुरतडतो. आणि फ्रीजरमधल्या उंदरांना झाकणाचा वेगळा डबा करा, साल्मोनेलामुळेही आणि घरच्यांमुळेही.

हे सगळं वाढलेल्या सापाचं झालं. अंड्यातून आल्यापासून एकदाही न खाल्लेलं पिल्लू असेल तर हिशेब वेगळा, तिथे मदतीने खाऊ घालावं लागतं, पण जाणकार हातानेच. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, तोंडात दह्यासारखा पू, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके यांपैकी काही दिसलं तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि साप बघणारा पशुवैद्य गाठा. इथे नाहीच मिळाला तर आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर, विदेशी प्राण्यांच्या 2024 च्या नियमांप्रमाणे सापाची नोंदणी केली नसेल तर ते आधी निस्तरा. कागद नाहीत म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळतात आणि मग घरीच चिमटा हातात घेतात. आणि हा बॉल पायथन नसून कुणी पकडून दिलेला आपल्याकडचा अजगर किंवा मांडूळ असेल, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो घरात ठेवताच येत नाही, सरळ वनखात्याला कळवा.

खाल्ल्यावर 48 तास उचलू नका. आनंदाच्या भरात लगेच दुसरा उंदीर देऊ नका, दहा दिवस जाऊ द्या, आणि पहिला ओकला असेल तर दोन आठवडे थांबून निम्म्या आकाराचा द्या.