जेवणानंतर छातीत जळजळ होते, मध घेतल्याने थांबते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीहून घरी येऊन जेवायलाच दहा-साडेदहा होतात, आडवं झालं की छातीत जळजळ सुरू होते, घशाशी आंबट येतं. गोळ्यांची सवय लावून घ्यायची नाही, आईने मध सुचवलाय. तर खरंच उपयोग होतो का आणि कोणता घ्यायचा?

मी पुण्यात औषधांच्या दुकानात काउंटरला असतो. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. मध घेऊन बघायला हरकत नाही. काहींना थोडा वेळ बरं वाटतं, काहींना काहीच फरक पडत नाही, आणि मधाने जळजळ बरी होते हे माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांमधून अजून सिद्ध झालेलं नाही. खोकल्यासाठी मधाच्या बाजूने पुरावा बरा आहे, पित्तासाठी तेवढा नाही.

लोकांना वाटतं मध पोटातलं आम्ल मारतो. तसं होत नाही. मध स्वतःच आम्लधर्मी आहे, पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली म्हणजे आम्ल) साधारण ३.५ ते ४.५. बरं वाटतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, तो घट्ट आणि चिकट असल्याने अन्ननलिकेच्या आतल्या बाजूवरून सावकाश उतरतो. दुसरं, गोड चाटलं की लाळ सुटते, आणि लाळेत बायकार्बोनेट असतं, ते वर आलेलं आम्ल थोडंफार शमवतं. म्हणूनच मध पाण्यात ढवळून गटकन पिण्यात अर्थ नाही. एक छोटा चमचा घ्या, चाटत चाटत खा आणि लगेच वर पाणी पिऊ नका. चहात किंवा उकळत्या पाण्यात तर घालूच नका. आयुर्वेदातही मध गरम करू नये असंच सांगितलंय. आणि चमचाभर म्हणजे चमचाभरच. जास्त मधातल्या फ्रुक्टोज नावाच्या साखरेने काहींचं पोट फुगतं, आणि फुगलेलं पोट आम्ल आणखी वर ढकलतं.

आता लिंबाचं. सकाळी टेकडीवरून उतरून थेट दुकानात येणारे एक काका आहेत. हातात काठी, कानटोपी, आणि रोजची मागणी ‘पित्ताची गोळी द्या’. रात्री साधं वरण-भात खातो तरी सकाळी जळजळतं कसं, ही त्यांची तक्रार. विचारल्यावर कळलं, उठल्या उठल्या गरम पाण्यात अख्खं लिंबू आणि दोन चमचे मध, वजनासाठी. म्हटलं, काका, मध ठेवा हवं तर, लिंबू बंद करून बघा. त्यांना ते पटलं नाही, लिंबू-पाणी म्हणजे निसर्गोपचार ना! तरी बंद करून बघितलं, आणि पुढच्या आठवड्यात आले ते गोळी न मागता फक्त बाम न्यायला. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, पण ज्याला आधीच जळजळ आहे त्याने रिकाम्या पोटी लिंबू किंवा ते अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घेऊ नये.

मधुमेह असेल तर मध ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळीक घेऊ नका. एका छोट्या चमच्यात सहाएक ग्रॅम साखर जाते. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवायचं नाही, आजी कितीही म्हणाली तरी. बोट्युलिझमचा, म्हणजे मधातल्या जंतूंच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा, धोका खरा आहे.

तुमच्या बाबतीत मला मधापेक्षा साडेदहाच्या जेवणाचीच जास्त शंका येते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. पोट भरलेलं असताना आडवं झालं आणि ती जराशी सैल पडली की आम्ल वर येतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ते जमत नाही हे कळतं मला. मग सात वाजता ऑफिसातच पोळी-भाजी उरकून घ्या आणि घरी येऊन वाटीभर ताक-भात, एवढंच. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उचला. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. मिसळ खायचीच असेल तर रविवारी सकाळी खा, तर्री एकदाच.

गोळ्यांबद्दल तुमची भीती अर्धी बरोबर आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं मनाने घेणारे रोज दिसतात. दीर्घकाळ घेतलं तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं. पण डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिली तर जरूर घ्या, आणि जेवणाआधी अर्धा तास घ्या. ‘गुण आला नाही’ म्हणणारे बरेच लोक जळजळ सुरू झाल्यावर गोळी घेतात, म्हणजे वेळच चुकवतात.

गिळताना अडकतंय, वजन आपोआप उतरतंय, शौचाला काळं होतंय, उलटीत रक्त दिसतंय, किंवा दोन-तीन आठवडे हे सगळं पाळूनही फरक नाही, तर मध बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. छातीतलं दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर ते पित्त समजून घरी बसू नका, १०८ ला फोन करा.

राहिला कोणता मध. न्यूझीलंडहून येणारा महागडा मानुका मध घ्यायची गरज नाही. आपल्याकडे महाबळेश्वरचा जांभळाचा मध मिळतो, गडद रंगाचा, किंचित कडवट. तिथलंच मांघर हे छोटं गाव २०२२ मध्ये सरकारी योजनेतून ‘मधाचे गाव’ झालं. सातेरी या आपल्याकडच्या देशी मधमाशीचा मध मुळातच पातळ असतो, त्यामुळे पातळ म्हणजे भेसळ असा अर्थ काढू नका. पाण्यात थेंब टाकणं, मधात बुडवलेली काडी पेटवणं, या घरगुती परीक्षांनाही फारसा अर्थ नाही. हल्लीची साखरेची सिरपं त्यातून सहज पास होतात. माहितीतल्या मधपाळाकडून किंवा सहकारी संस्थेच्या दुकानातून घ्या. डिसेंबरातल्या थंडीत बाटलीच्या तळाशी साखरेसारखे कण बसले तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, चांगला मधही थंडीत गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की हळूहळू पुन्हा पातळ होतो.